डब्याच्या तळाशी प्रायव्हेट लिमिटेड

बसा. आधी चहा होऊ द्या, कारण हे सांगायलासुद्धा मला थोडी ताकद लागते. गाढवपणा कुणाच्या हातून होत नाही? सगळ्यांच्याच होतो. पण तुमचा चार दिवसांनी लोक विसरतात. माझा स्टीलवर कोरलेला आहे. घासून पाहिलाय, जात नाही.

मी इथे सिंगापुरात कंपनी सेक्रेटरी आहे. नाही हो, साहेबांचे फोन घेणारा नव्हे! पुण्याचा माझा मामा बावीस वर्षं दर दिवाळीला विचारतोय, "काय रे, साहेब बरा वागवतो ना?" आता मी "हो" म्हणून मोकळा होतो. कंपनी सेक्रेटरी म्हणजे कंपनीचे कागद सांभाळणारा माणूस. कंपनी जन्माला घालायची, तिची घटना लिहायची, संचालकांचे ठराव लिहायचे आणि सह्यांसाठी लोकांच्या मागे हिंडायचं.

रोज सकाळी बेडोकला एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो पकडायची, बोना व्हिस्टाला बदलायची, वन-नॉर्थला उतरायचं आणि दिवसभर "असे ठरले की" अशी वाक्यं लिहायची. बावीस वर्षांत मी हजारो गोष्टी ठरल्याचं लिहिलंय. त्यातली एकही मी ठरवलेली नाही. माणूस थकतो हो.

तर आमच्या घरी भाजणी होते. माझी बायको वसुधा आणि तिची मैत्रीण नंदिनी, दोघी मिळून करतात. नंदिनी पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहते, मला भाऊजी म्हणते आणि माझ्यावर अजिबात विश्वास ठेवत नाही. वसुधा डाळी-तांदूळ, धणे मंद आचेवर भाजते, नंदिनी पुण्याहून आणलेल्या घरघंटीवर दळते. भाजायला लागलं की वास आख्ख्या कॉरिडॉरभर पसरतो.

या वासानेच मे-लिन आंटी आमच्या घरात आल्या. आमच्या शेजारच्या. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. एक दिवस आमच्या लोखंडी गेटापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "वासु, व्हॉट यू बर्निंग? स्मेल सो नाइस." तेव्हापासून इकडून थालीपीठ जातं, तिकडून क्वे येतं. क्वे म्हणजे नारळाच्या दुधातल्या वाफवलेल्या वड्या. आंटींनी तीस वर्षं त्याच करून विकल्या. फूड फॅक्टरीच्या एका इमारतीत त्यांचं छोटं स्वयंपाकघर आहे, परवान्यासकट. आता गुडघे गेले, म्हणून ते कुणा भरवशाच्या माणसाच्या हाती सोपवायचं त्यांच्या मनात होतं.

इकडे लिटिल इंडियातल्या एका वाणसामानाच्या दुकानदाराने वसुधाची भाजणी खाल्ली आणि म्हणाला, दर आठवड्याला द्या. पण घरात केलेलं दुकानात ठेवायला इथे चालत नाही. परवान्याचं स्वयंपाकघर हवं. आणि अशा जागा मिळणं म्हणजे किती वर्षं थांबायचं, विचारू नका.

आंटी म्हणाल्या, "यू टेक माइन, ला." हा 'ला' म्हणजे आपला 'गं'.

वसुधा त्या दिवशी जेवली नाही. आनंदाने. तुम्हाला सांगतो, ही पुण्यात बँकेत होती. माझ्यासाठी नोकरी सोडून इथे आली ती माझ्या पासवर, डिपेन्डन्ट म्हणून. पुढे आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी मिळाली, तो पास गेला, पण तो शब्द तिच्या मनातून गेला नाही. वीस वर्षांत तिच्या स्वतःच्या नावाचं असं हे पहिलंच काही होणार होतं.

एकच अट होती. इमारतीचा मालक जागा फक्त कंपन्यांना देतो.

"कंपनी?" मी म्हणालो. "अहो, मग मी कशासाठी आहे?"

इथे चुकलो. इथेच गप्प बसायला हवं होतं.

वसुधा आणि नंदिनी, दोघींना मी डायनिंग टेबलापाशी बसवलं. चहा मीच केला. "हे बघा, कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते," मी सुरुवात केली. घरात माझं कुणी ऐकून घेतंय असा हा पहिलाच प्रसंग. साहजिकच मला चेव आला.

"व्यक्ती म्हणजे?" नंदिनीने विचारलं.

"म्हणजे तिच्या स्वतःच्या नावावर मालमत्ता असते. ती करार करते. ती दुसऱ्यावर खटला भरू शकते, दुसरा तिच्यावर भरू शकतो. जागा घ्यायची, भाड्याने द्यायची, माणसं ठेवायची, देणगी द्यायची, परदेशात शाखा काढायची... जे माणूस करू शकतो ते जवळपास सगळं. घटनेत आपण बंधन घातलं नाही तर तिचे अधिकार पूर्ण."

"आजारी पडते?"

"नाही."

"मरते?"

"गुंडाळली तर. एरवी संचालक गेले तरी ती असते."

"भाऊजी, लग्न करता येतं का तिला?"

"दुसऱ्या कंपनीत विलीन होता येतं."

"म्हणजे तिलाही नाव बदलावं लागतं!" नंदिनी म्हणाली.

वसुधा इतका वेळ बशीवर चमचा फिरवत होती. मग म्हणाली, "म्हणजे ती कुणाची डिपेन्डन्ट नसते."

"नाही."

"मग काढा."

तर असे आमच्या कंपनीचे डोहाळे. पुढे काय झालं? दोघींनी कॅलेंडरच्या पाठीमागे यादी करायला घेतली. कोथरूडला शाखा. मेलबर्नला नंदिनीची नणंद असते, तिथे शाखा. वसुधाच्या गावच्या शाळेला देणगी. दिवाळीला ब्लॉकमधल्या सगळ्या घरी फराळ, कंपनीतर्फे. पलीकडे मलेशियात, जोहोरला जमीन घेऊन ज्वारी लावून बघायची, हेही एका कोपऱ्यात लिहिलं होतं. नंदिनीने तर कंपनीची पत्रिकासुद्धा मांडायचं ठरवलं.

मला घाम फुटला. कारण मला एक माहीत होतं: कंपनीला अधिकार दिले की ती उद्योग करते. उद्योग केले की ठराव लागतात. आणि ठराव लिहितो कोण? दिवसभर वन-नॉर्थला तेच, आणि रात्री घरी येऊन पुन्हा जोहोरच्या ज्वारीचा ठराव? मी दमलेला माणूस आहे हो.

म्हणून मी घटनेत कलम सात घातलं.

कलम सातप्रमाणे कंपनी फक्त भाजणी दळणार आणि विकणार. बाकी काही नाही. कुणाला भेट, देणगी, नमुना किंवा वानवळा देणार नाही. आता वानवळ्याला इंग्रजीत काय म्हणायचं? अर्धा तास गेला माझा. शेवटी लिहिलं, "प्रेमापोटी दिलेला कोणताही खाद्यपदार्थ." शिवाय कंपनीच्या मालकीची कुठलीही वस्तू दोन्ही संचालकांचा लेखी ठराव आणि सेक्रेटरीची सही यांखेरीज घरकामाला घेतली जाणार नाही, घराबाहेरही जाणार नाही. सेक्रेटरी अर्थात मी.

वाचून मला इतकं समाधान झालं की विचारू नका. चिमटीत मावेल एवढी कंपनी! दोघींनी न वाचता सह्या केल्या. सगळेच तसं करतात, आमचा धंदा त्यावरच चालतो. 'वसुनंदा भाजणी प्रायव्हेट लिमिटेड' जन्माला आली. वजन चांगलं, रडली नाही.

आता कंपनी म्हणजे स्वतंत्र व्यक्ती, तर तिची मालमत्ताही आपल्या मालमत्तेपासून वेगळी दिसायला हवी की नको? हे मी लोकांना रोज सांगतो आणि कुणी ऐकत नाही. म्हटलं, निदान आपल्या घरात तरी नीट करू. घरघंटी, कढया, परात, डबे, सगळं कंपनीच्या हवाली करायचं ठरलं होतंच. पण खूण काय?

तुमच्या घरी भांड्यांवर नावं आहेत ना? असणारच. माझी आई दुकानातून भांडं घरी आणायच्या आधी त्याच्यावर नाव घालून घ्यायची. तो माणूस ते यंत्र टर्रर्र करत वाटीच्या कडेला लिहायचा, "सौ. कडून चि. ला सप्रेम." आई म्हणायची, नाव नसलेलं भांडं पंगतीला गेलं की परत येत नाही. तेच माझ्या रक्तात आहे. मी ऑनलाइन एक कोरायची पेन्सिल मागवली. तीही टर्रर्र करते.

रविवारी दोघी धान्य बघायला सेरंगून रोडला गेल्या आणि मी ओट्यापाशी स्टूल घेऊन बसलो. कायद्याने कंपनीचं नाव पूर्ण लिहावं लागतं, म्हणून मी प्रत्येक भांड्यावर पूर्ण लिहिलं. गाळणीच्या दांड्यावर दोन ओळी झाल्या. चमच्यांवर तर फक्त "लिमिटेड" एवढंच मावलं. सोबत वहीत यादी. क्रमांक एक, घरघंटी, एक नग, उत्तम स्थितीत. क्रमांक नऊ, मिक्सर, एक नग, जुना, आवाज करतो. क्रमांक एकतीस, चार पुडांचा स्टीलचा डबा, एक नग, तळाला चिनी अक्षरं, बहुधा कारखान्याचा शिक्का.

हसू नका. ओट्यावर घासून उपडा घातलेला होता तो. आपल्याकडच्या डब्यासारखा डबा, तसाच कडीचा, तशीच पुडं. चिनी अक्षरं बघून शंका कशी आली नाही म्हणता? अहो, इथे चिनी अक्षरांशिवाय काय येतं? आमच्या नळावर आहेत, पंख्यावर आहेत, उंदराच्या सापळ्यावरसुद्धा आहेत. मी त्या अक्षरांच्या बरोबर खाली, सुबक, गोलाकार नाव घातलं. त्या दिवसाचं माझं सगळ्यात चांगलं काम ते.

मग सगळं बॉम्ब शेल्टरमध्ये रचलं. इथल्या फ्लॅटमध्ये पोलादी दाराची एक खोली असते, युद्धासाठी बांधलेली. आपण तिच्यात लोणची ठेवतो.

पुढचे दोन दिवस घरात जे झालं ते मी लोकांना फार सांगत नाही. दोघींनी एव्हाना कलम सात वाचलं होतं. आणि तुम्हाला पुण्याच्या बायका माहीत आहेत, नियम मोडणार नाहीत, पाळून जीव घेतील. सोमवारी सकाळी चहा गाळायला गेलो तर नंदिनी हजर. "भाऊजी, गाळणी कंपनीची आहे. ठराव?" मी दोन दिवस चहाची पत्ती चावत चहा प्यालो.

मंगळवारी ऑफिसातून जीव नकोसा होऊन आलो आणि म्हटलं, वसू, दोन थालीपिठं लाव. तर म्हणे, ठराव लिहा. मी लिहिला. खरंच लिहिला! "असे ठरले की, सेक्रेटरी यांना दोन थालीपिठे लोण्यासह देण्यात यावीत."

वसुधाने चष्मा लावून वाचला आणि परत दिला. "बसत नाही हो. प्रेमापोटी दिलेला खाद्यपदार्थ चालत नाही. तुमचंच कलम आहे."

"मग प्रेमाशिवाय दे!"

"ते तर रोज देतेच," ती म्हणाली आणि समोर ब्रेड ठेवला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बुधवार उजाडला.

बुधवारी मी घरून काम करत होतो. वसुधा आणि नंदिनी अन्न हाताळणाऱ्यांच्या त्या सक्तीच्या क्लासला गेल्या होत्या. माझी व्हिडिओ मीटिंग चालू होती. एक गिऱ्हाईक रडकुंडीला आलेलं. त्याच्या कंपनीच्या घटनेत लिहिलं होतं की कंपनी बोट घेणार नाही, आणि कंपनीने तर बोट घेतली होती. आता बोट विकणारा माणूस म्हणेल का, की सौदाच रद्द? मी त्याला समजावत होतो, "असं नाही हो साहेब. घटनेत बंधन असलं तरी केवळ तेवढ्याने बाहेरच्या माणसाशी झालेला व्यवहार रद्द होत नाही. दिलं ते दिलं, घेतलं ते घेतलं. तुमचे भागधारक तुम्हाला जाब विचारतील, ते वेगळं."

तेवढ्यात गेट वाजलं. मे-लिन आंटी.

एका कानात हेडफोन ठेवून मी दार उघडलं.

"अंकल, वासु नॉट होम?"

"क्लास, आंटी."

"नेव्हर माइंड. आय टेक माय टिंगकॅट. टुमॉरो मस्ट यूज."

टिंगकॅट म्हणजे पुडांचा डबा. मी शेल्टरमध्ये गेलो. असा डबा एकच होता, क्रमांक एकतीस. तो उलटा केला, तर तळाला कंपनीचं नाव! आता आंटी माझ्या घरात येऊन कंपनीचा डबा का मागतायत, हा प्रश्न कुठल्याही माणसाला पडला असता. पण माणूस तेव्हा मीटिंगमध्ये होता. दारात उभा होता तो सेक्रेटरी.

"सॉरी, आंटी. धिस इज कंपनी प्रॉपर्टी."

"व्हॉट कंपनी?"

"भाजणी कंपनी. सी? नेम." आणि मी तो डबा उलटा करून त्यांच्यासमोर धरला. नीट दिसावं म्हणून, देवा, मी मोबाइलचा टॉर्चसुद्धा लावला.

आंटींनी त्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग विचारलं, "सो हाउ टु टेक बॅक?"

"डायरेक्टर्स मस्ट पास रेझोल्यूशन. यू कॅन राइट इन."

"राइट इन," त्या म्हणाल्या. "ओके. कॅन."

आणि गेल्या. त्यांचं दार अगदी हळू लागलं. मी परत बोटवाल्याकडे वळलो. मनात म्हटलंसुद्धा, बघा, नियम नीट समजावला की लोक किती शांतपणे घेतात!

संध्याकाळी वसुधा आणि नंदिनी आल्या तेव्हा गेटाखालून सरकवलेला एक कागद वसुधाच्या पायाशी आला. वहीचं पान, शाळेतल्यासारखं वळणदार अक्षर. आंटींनी खरंच लेखी कळवलं होतं. "टु द कंपनी," असं सुरू. कृपया माझ्या आईचा टिंगकॅट परत करावा, उद्या तिच्या श्राद्धाचा दिवस आहे. स्वयंपाकघराचंही आता राहू द्या. त्रासाबद्दल क्षमस्व.

वसुधाने पत्र दोनदा वाचलं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही काय केलंत?"

मी सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. ती शेल्टरमधून डबा घेऊन आली आणि दिव्याखाली धरला.

"हा कारखान्याचा शिक्का आहे?"

"म्हणजे... वाटलं..."

"ठिपके बघा. खिळ्याने ठोकलंय हे. हाताने. हे नाव आहे, आंटींच्या आईचं. क्वे यातूनच आलं होतं."

मी पाहिलं. वेडेवाकडे ठिपके, एक अक्षर जरा तिरकं गेलेलं. आणि खाली माझं सुबक, गोलाकार 'प्रायव्हेट लिमिटेड.' मला माझ्या आईच्या वाट्या आठवल्या. खरं सांगतो, बावीस वर्षांत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

वसुधा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "वीस वर्षं तुमची डिपेन्डन्ट होते, तेव्हा कधी असं अडलं नाही. आता कंपनीची मालकीण झाले, तर शेजारणीला तिचा डबा परत देता येत नाही मला."

नंदिनी नुसतीच माझ्याकडे बघत होती. भाऊजीसुद्धा म्हणेना.

मी काय करणार? मला जे येतं तेच केलं. लॅपटॉप उघडला. "हे बघा, कलम सात रद्द करायचा विशेष ठराव लिहितो. मग मालमत्ता परत देण्याचा दुसरा. मसुदा, सह्या, दाखल करणं..."

"किती वेळ?" वसुधाने विचारलं.

"उद्या दुपारपर्यंत..."

"थालीपीठ दहा मिनिटांत होतं," ती म्हणाली आणि उठली.

परात काढली. कंपनीची. भाजणी काढली, तीही कंपनीची. कुणीही मला ठराव मागितला नाही. चारही पुडं भरली. रिकामा डबा परत पाठवायची आपल्यात रीत नाही, आणि अशा दिवशी तर नाहीच. मग डबा माझ्या हातात दिला.

"कंपनीच्या वतीने जाऊ का?" मी विचारलं. सवय हो, दुसरं काय.

"कंपनीला तोंड नसतं. तुम्हाला आहे. काळं झालंय, पण आहे. जा."

आमच्या दारापासून आंटींचं दार आठ पावलांवर. मी मोजली. बेडोक ते वन-नॉर्थ प्रवास मला कधी इतका लांब वाटलेला नाही.

आंटींनी दार अर्धवट उघडलं. "यू कम फॉर कंपनी ऑर फॉर युवरसेल्फ?"

"मायसेल्फ, आंटी. सॉरी. व्हेरी सॉरी. माय मिस्टेक."

"गुड. कंपनी कम, आय डोन्ट ओपन." आणि दार उघडलं.

मला बसवलं. डबा मांडीवर घेतला, झाकण उघडून वास घेतला. मग विचारलं, "रेझोल्यूशन हॅव?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, नाही. कलम सातप्रमाणे कंपनीला हे देण्याचा अधिकारच नाही. हे सगळं अधिकाराबाहेर आहे. पण तुम्ही घ्या, प्लीज.

आंटींनी झाकण लावलं. "अंकल, युवर जॉब व्हॉट?"

"कंपनी सेक्रेटरी."

"हाउ लाँग?"

"ट्वेंटी-टू इयर्स."

"थर्टी इयर्स आय ऑल्सो हॅव प्रायव्हेट लिमिटेड. माय सेक्रेटरी टेल मी, कंपनी पेपर से कॅनॉट, बट ऑलरेडी गिव्ह, मीन्स गिव्ह. स्टिल व्हॅलिड. यू डोन्ट नो?"

बोट! अहो, त्याच सकाळी, त्याच तोंडाने, पैसे घेऊन मी हेच सांगितलं होतं! माझं कलम सात हा डबा एक पाऊलही अडवू शकत नव्हतं. त्याने अडवलं ते फक्त मला. आणि माझ्या थालीपिठाला.

"अँड एनीवे," आंटी म्हणाल्या, "धिस वन नेव्हर युवर कंपनी थिंग, ला."

हे तर मला शिकवायलाच नको होतं कुणी. जे कंपनीचं नाहीच, ते ती ठेवणार कसली आणि देणार कसली?

मग त्यांनी सांगितलं. आईने हा डबा लग्नानंतर सेरंगून रोडवरच्या एका भांड्यांच्या दुकानातून घेतला होता. म्हणून तो आपल्यासारखा. त्यांच्या कम्पाँगात, म्हणजे जुन्या वस्तीत, कार्य निघालं की सगळ्यांची भांडी एकत्र व्हायची आणि हरवायची. तेव्हा वडिलांनी खिळा घेऊन नाव ठोकलं.

"माय मदर ऑल्सो," मी म्हणालो. "सेम रीझन."

आंटींनी दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. वरचं वेडंवाकडं, खालचं गोल. "सेम-सेम," त्या म्हणाल्या. "बट युवर हँडरायटिंग सो अग्ली."

दुसऱ्या दिवशी त्या डब्यातून त्यांच्या आईला क्वे गेलं आणि दोन थालीपिठंही गेली. परत आल्यावर आंटी थेट आमच्याकडे आल्या आणि वसुधासमोर स्वयंपाकघराच्या चाव्या ठेवल्या. वसुधा रडली. नंदिनीही रडली. मी शेल्टरमध्ये उभा होतो, मला बाहेर यायची परवानगी नव्हती.

अट एक होती. डब्यावर कंपनीचं नाव आलंच आहे आणि ते जाणार नाही, तर मग त्या कंपनीत आंटीही हव्यात. म्हणून त्या तिसऱ्या संचालक झाल्या. नवी घटना त्यांनीच तोंडी सांगितली, मी टाइप केली. एक पान भरलं नाही. कलम सात गेलं. कंपनी काहीही करू शकते, कुणालाही काहीही देऊ शकते, प्रेमापोटी दिलं तर उत्तमच. जोहोरची ज्वारी अजून चर्चेत आहे.

मालमत्तेची यादीही नव्याने झाली. आंटींनी प्रत्येक भांडं तळ बघून तपासलं. शेवटी तिघींनी सह्या केलेली यादी माझ्यासमोर आली, सेक्रेटरीने सही करायची असते ना. यावेळी मी शहाणा झालो होतो, म्हणून एकेक ओळ वाचली. शेवटची नोंद वसुधाच्या अक्षरात होती.

"क्रमांक अठ्ठेचाळीस. सेक्रेटरी, एक नग. जुना, आवाज करतो. ही वस्तू कुणालाही भेट देण्याचा कंपनीला पूर्ण अधिकार राहील."

मी वाद घातला नाही. फार दमलो होतो. मुकाट्याने सही केली. फक्त एवढंच विचारलं, "कुणाला द्यायचं ठरलंय?"

आंटींनी चष्मा काढला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"होल ब्लॉक आस्क ऑलरेडी," त्या म्हणाल्या. "फ्री ऑल्सो नोबडी वॉन्ट, ला."